लघुप्रबंध त्यांचा, पेन्सिल आपली: मानसशास्त्र विभागात अध्यापन साहाय्यक म्हणून काम करताना

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीनुसार संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला ४ ते ६ तास अध्यापनाच्या किंवा संशोधनाच्या साहाय्याचे काम देता येते. ट्युटोरियल घेणे, प्रयोगशाळेत मदत करणे आणि मूल्यमापनाला हातभार लावणे हे त्या कामाचे स्वरूप. मानसशास्त्रात हे तास बहुधा एकाच ठिकाणी खर्ची पडतात, ते म्हणजे एम.ए.च्या विद्यार्थ्यांचे लघुप्रबंध. विषय ठरवण्यापासून तोंडी परीक्षेपर्यंत मार्गदर्शक मॅडमच्या केबिनबाहेर जी रांग लागते, ती हळूहळू आपल्या टेबलाकडे वळते. सोलापुरात हे काम करताना जे अनुभवाला आले, ते या कामाला नव्याने लागलेल्यांच्या उपयोगी पडेल अशा क्रमाने इथे मांडते आहे.

पहिल्या आठवड्याआधी

मार्गदर्शकांसोबत अर्धा तास बसून चार गोष्टी ठरवून घ्याव्यात आणि त्याच संध्याकाळी त्या ई-मेलने त्यांना कळवाव्यात. गुण कोण देणार, प्रत्येक प्रकरणाचे किती खर्डे आपण वाचणार, किती दिवसांत परत देणार, आणि आपण नेमके काय दुरुस्त करायचे व काय करायचे नाही, या त्या चार गोष्टी. यांपैकी चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, आणि नेमकी तीच कुणी सांगत नाही.

मलाही ती कुणी सांगितली नव्हती. पहिल्या वर्षी एका महाविद्यालयात एका विद्यार्थिनीचे चर्चेचे प्रकरण इतके विस्कळीत होते, की वेळ वाचवण्यासाठी मीच रात्री बसून त्यातली तीन पाने नव्याने लिहून दिली. पाने उत्तम झाली होती. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याच पानांवरचा ‘मध्यस्थ चल’ (दोन गोष्टींमधला संबंध ज्याच्यामार्फत घडतो तो घटक) हा शब्द दाखवून त्याचा अर्थ विचारला, तेव्हा ती माझ्याकडे पाहू लागली. त्या दिवसापासून मी एक नियम पाळते: शुद्धलेखनाची चूक आणि संदर्भाचा साचा याखेरीज कोणतेही वाक्य मी स्वतः लिहीत नाही. जागा दाखवते, प्रश्न विचारते आणि वही परत करते. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच नियमावर उभ्या आहेत.

वेळापत्रकही याच बैठकीत आखावे. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची यात्रा असते, गड्डा म्हणजे यात्रेची जत्रा भरते आणि अर्धे शहर होम मैदानाकडे लोटते. त्या आठवड्यात खर्डा सादर करण्याची तारीख ठेवली, तर खर्डे येत नाहीत, कारणे येतात. बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोटहून रोज एसटीने ये-जा करणाऱ्या मुलांसाठी भेटीची वेळ दुपारी ठेवावी. पाचनंतर ठेवली, तर त्यांचे लक्ष तुमच्याकडे नसून घड्याळाकडे असते.

प्रश्न लहान करणे

विद्यार्थी पहिल्यांदा जो विषय घेऊन येतो, तो बहुतेक वेळा ‘समाजमाध्यमांचा युवकांच्या मानसिक आरोग्यावर होणारा परिणाम: एक अभ्यास’ अशा थाटाचा असतो. त्याला नाही म्हणू नये. कोणते माध्यम, कोणते युवक, मानसिक आरोग्याचे कोणते अंग आणि ते कोणत्या मापनीने मोजणार, एवढे चार प्रश्न कागदावर लिहून द्यावेत आणि उत्तरांसाठी आठ दिवस द्यावेत. आठ दिवसांनी ‘वसतिगृहात राहणाऱ्या आणि घरी राहणाऱ्या पदवी विद्यार्थ्यांमधील परीक्षाचिंता’ असे काही हाती आले, तर अर्धी लढाई जिंकली असे समजावे.

या टप्प्यावर एका शब्दाकडे विशेष लक्ष ठेवावे लागते, तो म्हणजे ‘परिणाम’. शीर्षकात तो शब्द आला, की कारण आणि कार्य यांचा दावा आपोआप होतो. प्रत्यक्षात विद्यार्थी एकदाच प्रश्नावली भरून घेणार असतो आणि त्यातून फक्त सहसंबंध मिळणार असतो. जो मुलगा तासन्तास मोबाइल पाहतो तो त्यामुळे उदास होतो, की उदास असल्यामुळे मोबाइल पाहत बसतो, की रात्रपाळीच्या कामामुळे दोन्ही घडते, हे एका वेळच्या पाहणीतून कळत नाही. म्हणून ‘परिणाम’च्या जागी ‘संबंध’ किंवा ‘फरक’ लिहायला सांगावे आणि तसे का, हे विद्यार्थ्याकडूनच वदवून घ्यावे.

दुसरा गोंधळ गृहीतक आणि परिकल्पना यांचा. ‘विद्यार्थी प्रश्नावली प्रामाणिकपणे भरतील’ हे गृहीतक झाले, कारण ते आपण तपासत नाही, धरून चालतो. ‘वसतिगृहातील विद्यार्थ्यांची परीक्षाचिंता घरी राहणाऱ्यांपेक्षा अधिक असेल’ ही परिकल्पना झाली, कारण ती आकड्यांपुढे उभी करायची आहे. मराठी पुस्तकांतही हे शब्द एकमेकांच्या जागी येतात, त्यामुळे सगळा दोष मुलांना देण्यात अर्थ नाही. आपल्या विभागात कोणता शब्द कशासाठी वापरायचा हे ठरवून फळ्यावर लिहून टाकावे.

नमुना किती घ्यायचा, याचे उत्तर मुले ‘प्रत्येक गटात ३०’ असे पाठ करून आलेली असतात. दोन गटांत मध्यम आकाराचा फरक, म्हणजे कोहेन यांच्या मापात ०.५, खरोखर असेल आणि तो पकडण्याची शक्यता ८० टक्के हवी असेल, तर .०५ या सार्थकता स्तरावर (म्हणजे नसलेला फरक आहे असे म्हणण्याचा धोका ५ टक्के ठेवून) प्रत्येक गटात ६४ जण लागतात. जी-पॉवर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे दोन मिनिटांत काढून दाखवता येते. सगळ्यांना ६४ जमणार नाहीत, हे मान्य आहे. पण ३० घेतले तर मर्यादांच्या परिच्छेदात काय लिहावे लागेल, हे तरी त्यांना आधी कळते.

परवानगी, संमती आणि भाषा

मापनी निवडताना ती वापरण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावावी. पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची मापनी कुणालाही परवानगीशिवाय वापरता येते, तर बेक यांची नैराश्य मापनी विकत घ्यावी लागते. वरच्या वर्गातून पिढ्यानपिढ्या झेरॉक्स होत आलेली प्रत ही परवानगी नव्हे.

पीएचक्यू-९ वापरणाऱ्या विद्यार्थ्याला नवव्या प्रश्नाची कल्पना आधीच द्यावी. तो प्रश्न मरून गेलेले बरे असे वाटण्याविषयी किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. त्यावर कुणी ‘जवळजवळ रोज’ अशी खूण केली तर काय करायचे, हे आराखड्यातच लिहिलेले असावे. प्रश्नावल्या त्याच दिवशी चाळायच्या, अशी खूण आढळली तर मार्गदर्शकांना तत्काळ कळवायचे, आणि टेली-मानस या शासकीय मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक संमतीपत्राच्या तळाशी छापायचा. अठरा वर्षांखालील मुलांवर अभ्यास असेल, तर पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात. शाळेच्या मुख्याध्यापकांची सही या दोहोंची जागा घेऊ शकत नाही.

भाषेचा प्रश्न सोलापुरात इतर अनेक ठिकाणांपेक्षा अधिक टोकदार आहे. विडी वळणाऱ्या महिलांवर किंवा यंत्रमाग कामगारांवर अभ्यास करायचा म्हटले, की समोरची व्यक्ती घरी तेलुगू बोलते, नाही तर कन्नड, आणि हातातली मापनी असते मराठीत. एक विद्यार्थिनी विडी कामगार महिलांच्या चिंतेचा अभ्यास करत होती. तिची स्वतःची घरची भाषा तेलुगू, त्यामुळे ती मराठी विधाने पाहून जागच्या जागी तेलुगूत विचारत असे. मी एके दिवशी तिच्यासोबत गेले आणि जोत्यावर बसून ऐकत राहिले. ‘मला उगाचच हुरहूर वाटते’ या विधानाशी मी तिला थांबवले आणि आता काय विचारलेस, ते मराठीत सांग म्हणाले. पहिल्या बाईंना तिने ‘भीती वाटते का’ असे विचारले होते, तिसऱ्या बाईंना ‘कुणाची आठवण येऊन करमत नाही का’ असे. दोन्ही अर्थ हुरहुरीच्या आसपासचे, पण आकडे मात्र एकाच रकान्यात जाणार होते.

यावरचा उपाय कष्टाचा आहे, पण सरळ आहे. एकाने मापनीचा तेलुगू अनुवाद करावा, मूळ मराठी न पाहिलेल्या दुसऱ्याने तो परत मराठीत आणावा, दोन्ही मराठी पाठ शेजारी ठेवून जिथे अर्थ सरकला असेल ते शब्द बदलावेत आणि पाच-सहा जणींना विचारून पाहावे. त्यानंतर तोच लिखित पाठ सर्वांना वाचून दाखवावा. लघुप्रबंधात ही सगळी प्रक्रिया अर्ध्या पानात लिहायला लावावी. विश्वसनीयता गुणांकही, म्हणजे मापनी किती सातत्याने मोजते ते सांगणारा आकडाही, मापनीच्या पुस्तिकेतला उतरवून भागत नाही, आपल्या नमुन्यावर पुन्हा काढावा लागतो, कारण विश्वसनीयता हा कागदाचा गुण नसून त्या कागदाने त्या माणसांकडून मिळवलेल्या गुणांचा आहे.

लिहायला कुठून सुरुवात करायची

प्रस्तावनेपासून नाही. पद्धतीचे प्रकरण आधी, मग निष्कर्षांचे तक्ते, त्यानंतर पूर्वसंशोधनाचा आढावा आणि प्रस्तावना, पुढे चर्चा आणि सर्वांत शेवटी गोषवारा. पद्धतीत विद्यार्थ्याला स्वतः केलेलेच सांगायचे असते, त्यामुळे कोऱ्या पानाची धास्ती कमी होते. एकच अडचण येते, ती आपल्या कार्यालयीन मराठीची. ‘प्रश्नावल्यांचे वाटप करण्यात आले व त्या भरून घेण्यात आल्या’ या वाक्यात कुणी, कुठे, किती वेळात, एकेकट्याने की वर्गात एकत्र, यातले काहीच नाही. मी समासात एवढेच लिहिते: ‘हे वाचून मला उद्या असाच अभ्यास करता येईल का?’ दुसऱ्या खर्ड्यात बहुतेक वेळा तेच वाक्य ‘संशोधिकेने वाचनकक्षात दहा-दहा विद्यार्थ्यांच्या गटाला सूचना वाचून दाखवल्या, प्रश्नावली भरण्यास सुमारे २० मिनिटे लागली’ असे होऊन येते.

पूर्वसंशोधनाचा आढावा हे मात्र जिकिरीचे प्रकरण. अमुक यांनी २०१४ मध्ये अभ्यास केला, तमुक यांनी २०१६ मध्ये केला, अशी एकामागे एक मणी ओवल्यासारखी वीस पाने येतात. यावर उपदेश करून उपयोग होत नाही, तक्ता करायला लावावा. एका शीटवर पाच रकाने घ्यावेत: कोणाचा अभ्यास, नमुना कोणता, मापनी कोणती, काय आढळले आणि माझ्या प्रश्नाशी संबंध काय. शेवटचा रकाना रिकामा राहिला, तर तो अभ्यास आढाव्यात कशाला घेतला हे विद्यार्थ्यालाच विचारावे. मग शीट ‘काय आढळले’ या रकान्यानुसार लावून घ्यावी. सारखे निष्कर्ष एकत्र येतात, विरोधी निष्कर्ष वेगळे पडतात, आणि ‘हे दोन अभ्यास वेगळे का निघाले असावेत’ या प्रश्नाला धरून पहिला खरा परिच्छेद जन्माला येतो. शोधगंगेवरचे, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातले, प्रबंध पाहायला सांगताना एवढी ताकीद द्यावी, की प्रबंधात उल्लेखलेला लेख मुळातून न वाचता आपल्या संदर्भसूचीत चढवायचा नाही.

आकडे लिहिण्याची रीत

बहुतेक विभाग अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची, म्हणजे एपीएची शैली पाळतात. तिची चालू सातवी आवृत्ती २०१९ मध्ये आली. सगळे नियम शिकवायला जाऊ नये, रोज लागणारे चार पुरतात. उदाहरणासाठी काल्पनिक आकडे घेऊ. वसतिगृहातील ३० विद्यार्थ्यांचे परीक्षाचिंतेचे मध्यमान ४८.६ (प्रमाण विचलन, म्हणजे गुणांचा पसारा, ९.१) आणि घरी राहणाऱ्या ३० जणांचे ४२.९ (प्रमाण विचलन ९.२) आले. दोन मध्यमानांतला फरक टी-चाचणीने तपासून पहिल्या खर्ड्यात विद्यार्थी लिहितो: ‘टी मूल्य २.४१ आले असून ते .०५ स्तरावर सार्थ आहे. त्यामुळे वसतिगृहामुळे परीक्षाचिंता वाढते हे सिद्ध झाले.’

यावर मी तीन प्रश्न लिहिते. एक, स्वाधीनता मात्रा (नमुन्याच्या आकारावर ठरणारा, टी नंतर कंसात लिहायचा आकडा) किती आणि पी चे (खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याच्या शक्यतेचे) नेमके मूल्य काय? दोन, सार्थ आहे हे कळले, पण कोहेन यांच्या मापात, म्हणजे डी मध्ये, फरक केवढा आहे? तीन, ‘मुळे’ हा प्रत्यय तुम्हाला कोणत्या आकड्याने दिला? परत येणारे वाक्य असे असते: ‘वसतिगृहातील विद्यार्थ्यांची परीक्षाचिंता घरी राहणाऱ्यांपेक्षा अधिक आढळली, टी(५८) = २.४१, पी = .०१९, डी = ०.६२. हा निष्कर्ष परिकल्पनेशी सुसंगत आहे.’ पी च्या आधी शून्य नाही आणि डी च्या आधी आहे, हे मुले हमखास विचारतात. पी कधी एकाच्या वर जाऊ शकत नाही म्हणून तिथे शून्य वगळतात, डी एकाच्या वर जाऊ शकतो म्हणून तिथे ठेवतात. कारण सांगितले, की नियम पुन्हा सांगावा लागत नाही.

‘सिद्ध झाले’ हा शब्दप्रयोग तर लघुप्रबंधातून हद्दपारच करावा. आणि फरक सार्थ आला नाही म्हणून रडवेला होऊन आलेल्या मुलाला बसवून सांगावे, की शून्य परिकल्पना (गटांत फरक नाही असे मांडणारी) नाकारता आली नाही म्हणजे लघुप्रबंध नापास झाला असे नाही, फरक नाही असे ठरले असेही नाही. २०१५ मध्ये मानसशास्त्रातील १०० प्रसिद्ध अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले, तेव्हा त्यांपैकी ३६ टक्क्यांतच पुन्हा सार्थ निष्कर्ष आला. निकाल पाहून मागाहून परिकल्पना बदलण्याचा मोह आवरायचा, तर आराखड्याची तारखेसह सही केलेली प्रत फाइलला लावून ठेवावी.

खर्डा वाचताना

हिशेब करून पाहा. २० विद्यार्थी आणि प्रत्येकाला २० मिनिटे धरली, तरी ४०० मिनिटे होतात, म्हणजे जवळजवळ पावणेसात तास. आठवड्याचे ६ तास एकाच फेरीत संपले. म्हणून प्रत्येक ओळ तपासायची नाही, हे आधीच स्वीकारावे. पहिल्या वाचनात हातात पेन्सिल घेऊ नये, फक्त प्रश्न, पद्धत, निष्कर्ष आणि चर्चा एका धाग्यात आहेत का ते पाहावे. दुसऱ्या वाचनात जास्तीत जास्त तीन शेरे लिहावेत, आणि त्यातला एक जे जमले आहे त्याबद्दल असावा. गोड वाटावे म्हणून नव्हे, पुढच्या दुरुस्तीत ते खोडले जाऊ नये म्हणून. शुद्धलेखन एका पानावर तपासून द्यावे आणि उरलेल्या पानांवर तशाच चुका स्वतः शोधायला सांगावे.

शेरा कसा असू नये, याचा धडा मला एका मुलाने दिला. त्याच्या खर्ड्यावर ‘विश्लेषण अपुरे’ असे दोनदा लिहून झाले होते. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, ‘‘ताई, सगळं लिहूलालोय की, पण अपुरं म्हंजे कुठलं, ते तर सांगा.’’ बरोबरच होते त्याचे. ‘पान ३४ वरचा तक्ता तुम्ही शब्दांत पुन्हा लिहिला आहे, मुलींचे गुण मुलग्यांपेक्षा जास्त का असावेत, याचा तुमचा अंदाज पुढच्या परिच्छेदात लिहा’ असे मी तेव्हा लिहून दिले आणि काम आठ दिवसांत झाले.

उसने शब्द

वाङ्मयचौर्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम आहेत. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्क्यांत सुधारित प्रत सहा महिन्यांच्या आत द्यावी लागते, ४० ते ६० टक्क्यांत वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही आणि ६० टक्क्यांवर नोंदणीच रद्द होते. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि संदर्भ देऊन घेतलेली अवतरणे या मोजणीत धरत नाहीत. मुलांना हे आकडे सांगावेत, पण १० टक्के चोरीला परवाना आहे असा त्याचा अर्थ काढू देऊ नये.

मराठी लेखनात एक पळवाट आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तपासणीच्या सॉफ्टवेअरला निव्वळ निरर्थक चिन्हे वाटतो आणि अहवालात साम्य शून्य येते. टायपिंगच्या दुकानातून करून आणलेल्या फाइलींत हे आजही दिसते. मजकूर युनिकोडमध्येच घ्यावा. इंग्रजी लेखातला परिच्छेद भाषांतर करून स्वतःच्या नावावर घालणे सॉफ्टवेअर सहसा पकडत नाही, माणूस पकडतो: भाषा अचानक बदलते आणि सोलापूरच्या अभ्यासात अमेरिकी शाळेतली इयत्ता डोकावते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी नवीनच काम लावले आहे, कारण ती अस्तित्वात नसलेले लेख संदर्भ म्हणून बेमालूम रचून देतात. प्रत्येक खर्ड्यातले कोणतेही पाच संदर्भ निवडून विद्यार्थ्याला ते लेख समोर उघडून दाखवायला सांगावे. एक जरी उघडला नाही, तर पूर्ण सूची परत करावी.

गुण आणि तोंडी परीक्षा

गुण देण्याचे काम वाट्याला आले, तर पहिले तीन लघुप्रबंध मार्गदर्शकांनी आणि आपण स्वतंत्रपणे तपासून गुण शेजारी ठेवावेत. तफावत मोठी असेल, तर निकषांचे शब्द बदलावेत आणि मग बाकीचे हाती घ्यावेत. आपल्या गावचे किंवा नात्यातले कुणी गठ्ठ्यात असेल, तर ते सांगून बाजूला काढावे.

तोंडी परीक्षेआधी प्रत्येकाची पंधरा मिनिटांची तालीम घ्यावी. पीपीटीवरचे रंग सुधारण्यात ती घालवू नये. लघुप्रबंध बंद करून टेबलावर ठेवायला सांगावा आणि तीनच प्रश्न विचारावेत: ही माणसे कशी निवडली, हीच मापनी का घेतली, आणि निष्कर्ष उलटा आला असता तर काय लिहिले असते? तेलुगू अनुवाद करणाऱ्या त्या विद्यार्थिनीला मी हे विचारले, तेव्हा दुसऱ्या प्रश्नावर तिने हुरहुरीची गोष्ट सांगायला सुरुवात केली, कोणता शब्द का बदलला ते सांगितले आणि बदलूनही दोन विधाने तिला समाधानकारक वाटत नाहीत, हेही स्वतःहून सांगून टाकले. तिला मी तिसरा प्रश्न विचारला नाही.